कबुलीजबाबातलं ‘खरं’

वकीलबाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ उद्यमबागला फाउंड्रीत होता. सुट्टीला गावात आला की लोकांची कौलं शाकारून द्यायचा. 2022 च्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात रात्री कुणीतरी शिरलं. त्यांना ढकलून हातातल्या सोन्याच्या पाटल्या नेल्या. आजींचा खुबा मोडला. अंधारात तोंड काही दिसलं नाही. पाच दिवसांनी भावाला उचललं. कोठडीतल्या चौथ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं आणि तिथं त्यानं कबूल केलं असा कागद आहे. कागद कन्नडमध्ये. भावाला कन्नड बाजारापुरतं येतं. दुभाष्या म्हणून स्टेशनातलाच एक हवालदार होता. भाऊ सांगतो, “मी एवढंच बोल्लो : आजीच्या घरात गेल्तो, खरं दोन दिस आधी, कौलं शाकारायला.” खळ्यावरच्या गंजीतून पाटल्या त्यानं काढून दिल्या असाही पंचनामा आहे. त्याच्या मुकादमानं साक्ष दिली की तो माझ्याजवळ रडून कबूल झाला. त्या रात्री तो सौंदत्तीला यल्लमाला गेला होता असं आम्ही सांगितलं, पण त्याचा मित्र साक्षीत तारखा चुकला. सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाला पाच आठवडे झाले. आमचे वकील म्हणतात, आता धारवाडला हायकोर्टात तो निर्दोष आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. गाव म्हणतं, मग खरा चोर आणून दाखवा. आणि आप्पा हिंडलग्याच्या तुरुंगात त्याला भेटायलाच जात नाहीत. म्हणतात, केलं नसतं तर कबूल कशाला केलं असतं?
– एक बहीण

ताई, आधी दिवस मोजू या, मग बाकीचं बोलू.

सेशन कोर्टानं दिलेल्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला 60 दिवस असतात. तुमचे 35 गेले. निकालाची सर्टिफाईड नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते यातून वजा होतात, आणि उशीर झालाच तर कारण दाखवून माफी मागता येते. पण त्या भरवशावर बसू नका. शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत फुकट मिळते, ती भावाकडे असणार. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्याला कुणी घाई करत नाही. तुमचं तसं नाही. वकिलाच्या फीसाठी जमीन गहाण टाकायच्या विचारात असाल तर थांबा. जो तुरुंगात आहे त्याला सरकारी खर्चानं वकील मिळायचा हक्क आहे, तिथं उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत. बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 ला फोन लावा. भाऊ स्वतः तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. आणि 2008 मध्ये धारवाडला हायकोर्टाचं बेंच आलं म्हणून बरं, त्याआधी याच कामाला बेंगळुरूची रात्रीची गाडी धरावी लागायची.

आता तुमच्या वकिलांच्या त्या वाक्याकडे येते. त्यांना बहुधा म्हणायचं होतं एक आणि तुम्ही ऐकलं दुसरं. पण ते वाक्य जसं तुमच्या मनात बसलंय तसं ते चूक आहे.

गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षाचं असतं. खालच्या कोर्टात असतं आणि अपिलातही त्यांच्याच डोक्यावर राहतं. शिक्षा झाली म्हणून ते उतरून तुमच्या डोक्यावर येत नाही. अपिलात हायकोर्ट सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासू शकतं, साक्षीदारांचे जबाब पुन्हा वाचून स्वतःचं मत बनवू शकतं. हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, वरचं कोर्ट फक्त शिक्का बघतं. तुमचा वकील तारखेला गैरहजर राहिला तरीसुद्धा कागद न वाचता अपील फेकून देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे.

मग तुमच्याकडे काहीच काम नाही का? आहे. तुम्हाला सिद्ध करायचं नाही, दाखवायचं आहे. सरकार पक्षानं जी भिंत उभी केली तिच्यात फट कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायचं. फट कुणी पाडली, खरा चोर कोण, या फंदात तुम्ही पडूच नका. गावाला चोर हवा असेल तर गावानं शोधावा. तुमच्या भावाच्या अपिलात तो प्रश्नच नाही.

या बाबतीत मला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा 1957 चा एक निकाल नेहमी आठवतो. सातारचा जन्म, कॉलेजचं पहिलं शिक्षण आमच्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, पुढं देशाचे सरन्यायाधीश. पंजाबातल्या सरवण सिंग खटल्यात त्यांनी लिहिलं की सरकार पक्षाची गोष्ट खरी असू शकेल आणि खरी असलीच पाहिजे, या दोहोंमध्ये लांबचं अंतर आहे, आणि ते सगळं अंतर कायदेशीर, भरवशाच्या पुराव्यानंच कापावं लागतं. सगळं, हा शब्द लक्षात ठेवा. अर्ध्या वाटेपर्यंत पुराव्यानं आणि उरलेलं संशयाच्या गाडीत बसून, असं चालत नाही.

गंमत अशी की तो निकालही घाईघाईनं घेतलेल्या कबुलीजबाबाबद्दलच आहे. कोठडीतून आणलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटनी विचार करायला पुरेसा वेळ द्यावा, तेवढा वेळ त्याला पोलिसांच्या हाताबाहेर ठेवावं, आणि हा वेळ साधारणपणे निदान 24 तासांचा असावा, असं त्यात म्हटलं आहे. हा लोखंडी नियम नाही, वेळ कमी दिला म्हणून कागद आपोआप रद्द होत नाही. पण तुमच्या पत्रावरून वाटतं की भाऊ कोठडीतून निघाला आणि त्याच दिवशी कबुली झाली. तसं असेल तर हा पहिला मुद्दा. त्याला कोठडीतून किती वाजता काढलं, मॅजिस्ट्रेटसमोर किती वाजता बसवलं, मधला वेळ तो कुणाच्या ताब्यात होता, हे कागदावर सापडलं पाहिजे.

एक गोष्ट मुळातून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. हे 1872 च्या पुरावा कायद्यात होतं, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यातही तेच ठेवलं आहे. फौजदारापासून शिपायापर्यंत कुणापुढंही दिलेली असो. कायदा करणाऱ्या इंग्रजांना आपलीच पोलीस ठाणी चांगली ठाऊक होती. म्हणून कबुली हवी असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर, आणि तीही आरोपीला ‘तू कबूल व्हायलाच पाहिजेस असं नाही, आणि झालास तर हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ हे समजावून सांगून. त्यानं ‘मला नाही बोलायचं’ म्हटलं तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवायचं नाही, असंही कायद्यात आहे. हे शेवटचं तुमच्या भावाला कुणी सांगितलं होतं का? चार दिवस कोठडीत काढलेल्या माणसाच्या डोक्यात एकच विचार असतो : इथून नाही म्हणालो तर पुन्हा तिथंच नेतील.

आता ते ‘खरं’.

तुमचं पत्र वाचताना मी त्या वाक्यावर थांबले आणि चहा गार झाला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते : आमच्याकडे, बेळगाव-खानापूरपासून कोल्हापुरापर्यंत, ‘खरं’ म्हणजे ‘पण’. “येतो, खरं उशीर होईल.” “दिलं असतं, खरं पैसे न्हाईत.” यात सत्यासत्याचा काही संबंध नाही. तुमच्या भावानं म्हटलं, घरात गेल्तो, खरं दोन दिस आधी. म्हणजे घरात गेलो होतो, पण दोन दिवस आधी. हेच वाक्य कुणी घाईत कन्नडमध्ये घातलं तर ‘घरात गेलो होतो हे खरं आहे’ असं उतरायला काय वेळ लागतो? आणि एकदा ते तसं उतरलं की दोन दिवस आधी आणि कौलं हे दोन्ही निरर्थक वाटून गळून जातं. तसंच ‘होय’चं. आमचा माणूस समोरचा बोलत असताना मधूनमधून होय, होय म्हणत असतो. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढं बोला’ एवढाच. प्रश्नोत्तराच्या कागदावर प्रत्येक होय हा गुन्ह्याचा होय होतो.

कायदा याबाबत ढिला नाही. आरोपी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत जबाब लिहावा, ते शक्य नसेल तर कोर्टाच्या भाषेत. लिहून झाल्यावर तो त्याला वाचून दाखवावा, ती भाषा त्याला कळत नसेल तर कळणाऱ्या भाषेत समजावून द्यावा, आणि त्याला दुरुस्ती किंवा भर घालायची मोकळीक असावी. मग त्याची सही. तुमच्या प्रकरणात समजावून देणारा हवालदार त्याच ठाण्याचा असेल तर पोलिसांच्या धाकाबाहेर नेण्याचा सगळा खटाटोपच वाया गेला. ज्याच्या धाकातून बाहेर काढायचं तोच त्याच्या तोंडी शब्द घालायला शेजारी बसलेला.

पण सावध करते. मॅजिस्ट्रेटनी कायद्याप्रमाणे नोंदवलेला कागद अस्सल आहे असं धरूनच कोर्ट सुरुवात करतं. म्हणून ‘भाऊ असं बोललाच नव्हता’ एवढ्यानं भागणार नाही. हे खालच्या कोर्टात कुठं आलंय ते बघायला हवं. मॅजिस्ट्रेट साक्षीला आले होते का, त्यांना दुभाष्याबद्दल विचारलं का, दुभाष्याचं नाव कागदावर आहे का, त्याची साक्ष झाली का? भावानं शेवटच्या जबाबात, म्हणजे जज्ज आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात तेव्हा, काय सांगितलं? तिथं तो फक्त ‘खोटं आहे’ म्हणाला असेल तर काम अवघड, दोन दिवस आधीचं सांगितलं असेल तर सोपं. आजींनी उलटतपासात ‘होय, हा त्या आठवड्यात कौलं शाकारायला आला होता’ असं म्हटलंय का, तेही बघा. तसं एक वाक्य त्यांच्या जबाबात असलं तर ते लाखमोलाचं.

यात एक मोह होईल. आमच्याकडे भाषेचा प्रश्न आला की लगेच मोर्चाचा झेंडा बाहेर येतो. या अपिलात तो घडी करून ठेवा. कागद कन्नडमध्ये का, ही तक्रारच नाही, कन्नड ही इथल्या कोर्टाची भाषा आहे. कागदात काय लिहिलंय ते सही करताना त्याला कळलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. हाच प्रश्न बेंगळुरूच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या ओडिशाच्या मजुराचाही असतो आणि पुण्याच्या कोर्टातल्या कन्नड मजुराचाही.

मागे घेतलेल्या कबुलीबद्दलही खोटा धीर देत नाही. आरोपीनं नंतर नाकारलं म्हणून कबुली रद्दी होत नाही. ती स्वखुशीची आहे आणि खरी आहे असं कोर्टाला पटलं तर ती धरता येते. पण नाकारलेल्या कबुलीला बाहेरचा आधार असल्याशिवाय तिच्यावर शिक्षा देणं सुरक्षित नाही, असं कोर्टं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. म्हणून तुमच्या प्रकरणात ते दोन आधार तपासायचे, मुकादम आणि पाटल्या.

मुकादमाचं चटकन उरकते. तिऱ्हाईतापाशी केलेली कबुली हा मुळातच दुबळा पुरावा. भावानं नेमके कोणते शब्द उच्चारले ते मुकादमाला सांगता आलं का? तो काय म्हणून मुकादमाजवळ मन मोकळं करायला गेला, त्यांचं एवढं सख्य होतं? आणि मुकादमानं ते पोलिसांना किती दिवसांनी सांगितलं? पगार अडकवून ठेवणाऱ्या मुकादमापाशी कुणी रडायला जात नाही, असं मला वाटतं. खरं तुमचा मुकादम कसा आहे हे मला ठाऊक नाही. (बघा, मीही ‘खरं’ म्हणाले.)

पाटल्यांचा पुरावा मात्र भावाच्या विरुद्धचा सगळ्यात जड आहे. कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे : कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग वाचता येतो जेवढ्यानं ती वस्तू सापडली. इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात हे नीट सोडवून सांगितलं. ‘ज्या सुरीनं मी भोसकलं ती सुरी दाखवतो’ यातली ‘सुरी दाखवतो’ एवढं चालतं, ‘मी भोसकलं’ चालत नाही. म्हणजे गंजीत पाटल्या आहेत हे भावाला ठाऊक होतं, फार तर एवढं सिद्ध होतं. ‘आजीला ढकलून काढलेल्या’ हे शब्द पंचनाम्यात असले तरी कोर्टानं ते वाचायचे नसतात. निकालपत्रात ते वाचले गेलेत का, ते शोधा. दुसरं, खळं सगळ्या गल्लीचं. गंजीत कुणीही हात घालू शकत होतं. तिसरं, पंच. 2022 मध्येच सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्याच सुब्रमण्य खटल्यात आरोपीला सोडलं, त्यात वस्तू सापडल्याचा पुरावा आणि तिऱ्हाईतापाशी दिलेली कबुली याच दोन लंगड्या कुबड्या होत्या. आरोपी नेमकं काय बोलला ते त्याच्या शब्दांत नोंदवलेलं असावं आणि पंचांनी ते कोर्टात सांगावं, हा त्यातला धडा. तुमचे पंच कोण? ठाण्यासमोर चहाचा गाडा असलेला आणि दर पंचनाम्याला सही करणारा, असला पंच मी आजवर अनेकदा पाहिला आहे. आणि हे आताच सांगून ठेवते : ताज्या चोरीचा माल ज्याच्याजवळ सापडतो त्याला तो कुठून आला हे सांगता आलं नाही तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून पाटल्या भावाच्या ताब्यात होत्या की फक्त त्यानं जागा दाखवली, हा फरक वकिलांना पहिल्याच पानावर मांडायला सांगा.

सौंदत्तीच्या साक्षीमुळं तुम्ही खचलेल्या दिसता. आपण दुसरीकडे होतो असं म्हणणाऱ्याला ते दाखवावं लागतं, हे खरंच आहे. तुम्हाला ते जमलं नाही. पण बचाव लंगडा पडला म्हणून सरकार पक्षाचा पाय आपोआप बरा होत नाही. पुण्यातल्या शरद बिरदीचंद सारडा खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये हे ठाम सांगितलं. सरकार पक्षानं आधी आपल्या पायावर उभं राहायचं. आरोपीचा बचाव खोटा निघाला तरी त्यानं साखळीतली तुटलेली कडी भरून येत नाही. निकालपत्रात ‘आरोपी घटनेच्या रात्री कुठे होता हे सिद्ध करू शकला नाही, सबब’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्याखाली रेघ मारा. त्या ‘सबब’मध्ये ओझं उलटं टाकलं गेलेलं असतं.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज द्यायला लावा. मुदतीची शिक्षा असेल तर अपील चालेपर्यंत ती स्थगित करण्याकडे कोर्टानं उदारपणे बघावं, असं 1999 चं सुप्रीम कोर्टाचं मत आहे. सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकून मग हुकूम होईल. अपील केलं तर शिक्षा वाढते अशी अफवा तुमच्या गावातही असेलच. तुम्ही अपील केलंत एवढ्यानं ती वाढत नाही, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तर नाहीच.

आता आप्पांचा प्रश्न. मला वाटतं तुम्ही पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत.

आप्पांना गुरुग्रामची गोष्ट सांगा. 2017 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्यानं कबूल केलं, टीव्हीवरसुद्धा. सगळ्या देशानं त्याला शिव्या घातल्या. पुढं तपास सीबीआयकडे गेला, त्यांना त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही, वेगळ्याच माणसाकडे बोट गेलं आणि 2018 मध्ये कोर्टानं त्या कंडक्टरला दोषमुक्त केलं. तोही कुणाचा तरी मुलगा होता आणि त्याच्याही गावात कुणीतरी म्हणालं असणार, केलं नसतं तर कबूल कशाला केलं असतं?

माणूस न केलेलं का कबूल करतो, याचं उत्तर मार एवढंच नाही. कधी झोप नसते. कधी कुणी गोडीत सांगतं, सही कर, पहिला गुन्हा आहे, सुटशील. कधी म्हातारीला स्टेशनात बसवायची धमकी असते. कधी, आणि हे मी आमच्या भागात जास्त बघत आले, समोरचा काय विचारतोय ते पुरतं कळलेलंच नसतं आणि साहेबापुढं ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते. मी असं म्हणत नाही की तुमच्या भावानं केलंच नाही. मी तिथं नव्हते. आप्पाही नव्हते. पण केलं असो वा नसो, सात वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात असलेल्या मुलाला बघायला जायला कुठल्या कोर्टाचा निकाल लागत नाही.

पुढच्या भेटीला जाल तेव्हा त्याला ‘तू केलंस का’ विचारू नका, ते त्यानं शंभरदा ऐकलंय. विचारा, मॅजिस्ट्रेटच्या खोलीत कोण कोण बसलं होतं, दारात कोण उभं होतं, किती वाजले होते, कागद वाचून दाखवला तो मराठीत की कन्नडमध्ये, सही आधी घेतली की नंतर. त्याच्या शब्दांत लिहून आणा, सुधारू नका. मग कन्नड चांगलं येणाऱ्या, पोलिसांशी संबंध नसलेल्या माणसाकडून, एखाद्या निवृत्त मास्तरकडून, तो कबुलीजबाब सावकाश मराठीत वाचून घ्या. हायकोर्टातलं काम इंग्रजीत चालतं, तेव्हा तो कागद अजून एकदा भाषांतरातून जाणार आहे. त्याआधी प्रत्येक ‘खरं’ आणि प्रत्येक ‘होय’ कुठं आलाय तिथं पेन्सिलनं खूण करून ठेवा. आणि शक्य झालं तर ते वाचन चालू असताना आप्पांना शेजारी बसवा.